शिबिर सात दिवसांचेच ठेवा, आणि घरांना एकत्र बसू द्या

प्रति,
कोल्हापूर व परिसरातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या उन्हाळी कौटुंबिक शिबिराचे काम पाहणारे पाळकसाहेब, पंच आणि समितीचे सर्व सभासद यांस,

सप्रेम सलाम वि. वि.

यंदाचे शिबिर तीन दिवसांचे करावे, पन्हाळ्याऐवजी शहरातल्या एखाद्या मंगल कार्यालयात भरवावे, बाहेरून नावाजलेले वक्ते बोलवावेत आणि जेवण केटररकडे द्यावे, असा विचार चालू असल्याचे मंडळीत बोलले जात आहे. निर्णय अजून झालेला नाही, म्हणून हे पत्र आत्ताच आणि सर्वांसमोर लिहिते आहे. समितीतल्या प्रत्येकाने या कामासाठी किती धावपळ केली आहे हे मी जवळून पाहिले आहे, आणि तुमच्या हेतूबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण हा बदल झाला तर नुसते भाषणांचे कन्व्हेन्शन उरेल, शिबिर उरणार नाही. माझे मागणे एकच आहे: शिबिर पूर्ण सात दिवसांचे आणि गडावरचेच राहू द्या, आणि त्या सात दिवसांत प्रत्येक घराला एकत्र बसायला, एकत्र राबायला वेळ ठेवा. त्यासाठी दोन वक्ते कमी करावे लागले तर करा.

तीन दिवस का पुरत नाहीत, ते आधी सांगते. शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीतल्या मुलांच्या शास्त्राच्या वर्गात, शिकवत असल्यामुळे शिबिरात माझा मुलांशी सगळ्यात जास्त संबंध येतो. पहिला दिवस वळकट्या उलगडण्यात, कोणाला कोणती खोली मिळाली यावर कुजबुजण्यात आणि चार्जिंगची जागा शोधण्यात जातो. दुसऱ्या दिवशी मुले रुसलेली असतात, मोठी माणसे कामावरचे फोन घ्यायला तटाकडे जात-येत असतात, आणि नवराबायकोचे घरी अर्धवट राहिलेले भांडण खोलीत पुन्हा सुरू झालेले असते. तिसऱ्या दिवशी सगळे थकतात. दाखवण्यापुरता उत्साह संपतो. मंगल कार्यालयातले शिबिर नेमके इथेच संपेल: समारोपाची प्रार्थना होईल, फोटो निघेल आणि सगळे घरी जातील.

मुले बोलू लागतात ती चौथ्या दिवशी. मी हे एका वर्षी नाही, दरवर्षी पाहिले आहे. नववीतल्या एका मुलाचे सांगते. वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत पाळीवर. ते घरी येतात तेव्हा मुलगा झोपलेला, मुलगा शाळेला निघतो तेव्हा ते झोपलेले. दोघांत बोलणे व्हायचे ते फी आणि मार्कांपुरते. शिबिरात ते दोघे पहिले काही दिवस शेजारी जेवत होते, पण एकमेकांकडे बघत नव्हते. आठवडा सरत आला तेव्हा एका संध्याकाळी सज्जा कोठीच्या बाजूला तटावर बसलेले दिसले. दुसऱ्या दिवशी पोरगा माझ्याकडे धावत आला आणि म्हणाला, “बाई, पप्पापण नववीत नापास झालते. मला कालच कळालं.” त्याचा चेहरा इतका मोकळा मी वर्गात कधी पाहिला नव्हता. त्या बापाला कोणी प्रवचनातून सांगितले नव्हते की मुलाला हे सांग. मोकळी संध्याकाळ मिळाली, वारा होता, आणि बोलायला दुसरे कोणी नव्हते. तीन दिवसांच्या कार्यक्रमात ही संध्याकाळ कुठे बसवणार?

सात दिवसांचा आग्रह माझ्या मनाचा नाही. पवित्र शास्त्रात मंडपांचा सण आहे. लेवीय या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात आज्ञा आहे की सात दिवस आपापली घरे सोडून मांडवात राहा, म्हणजे पुढच्या पिढ्यांना कळेल की देवाने आपल्या लोकांना मिसर देशातून बाहेर काढले तेव्हा ते असेच राहिले होते. पिढ्यांना कळावे म्हणून सगळ्यांनी मिळून घराबाहेर राहायचे, आणि तेही आठवडाभर. अनुवाद या पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायात तर स्पष्टच आहे की याच सणात दर सातव्या वर्षी नियमशास्त्र मोठ्याने वाचायचे, आणि ते ऐकायला पुरुष, स्त्रिया, लेकरे आणि गावात राहणारा परका या सगळ्यांना एकत्र जमवायचे. लेकरांना वेगळ्या मांडवात पाठवून द्या, असे तिथे म्हटलेले नाही.

आणि इथे मला आपल्या आताच्या वेळापत्रकाबद्दल बोलावेच लागेल, कारण नुसते सात दिवस टिकले आणि वेळापत्रक तसेच राहिले, तर काम अर्धेच होईल. सकाळी साडेसहाला प्रार्थना झाली की घर फुटते. लहान मुले शब्बाथ शाळेच्या ताईंकडे, कुमार गटाची मुले दुसऱ्या खोलीत, तरुण संघ झाडाखाली, पुरुष सभागृहात, महिला मंडळ मागच्या पडवीत. दुपारी प्रश्नमंजुषा, पाठांतर स्पर्धा, समूहगीत. रात्री संदेश. कौटुंबिक शिबिराला आलेले कुटुंब दिवसभरात फक्त झोपायला एकत्र येते, तेव्हाही बायका एका हॉलमध्ये आणि पुरुष दुसऱ्या. बापाने मुलीला आज काय शिकलीस हे विचारायचे तरी कधी?

ही पद्धत आपल्याकडे आली ती अमेरिकेतून, म्हणून तिचे मूळ थोडे पाहू. १८७४ साली न्यूयॉर्क राज्यात शटाक्वा सरोवराच्या काठी जॉन व्हिन्सेंट आणि लुईस मिलर यांनी संडेस्कूलच्या शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचा मेळावा भरवला. लोक तंबू ठोकून राहिले. १८८५ मध्ये वायएमसीए या तरुणांच्या ख्रिस्ती संघटनेचे समनर डडली काही मुलांना घेऊन तळ्याकाठी मुक्कामाला गेले, आणि तिथून मुलांच्या उन्हाळी शिबिरांची लाट पसरली. पुढे चर्चनी अख्ख्या कुटुंबांसाठी आठवड्याची शिबिरे सुरू केली. आजही तिथल्या शिबिरांचा ठरलेला क्रम असा असतो: प्रत्येक कुटुंबाला लाकडी खोली, सकाळी उपासना, त्यानंतर तास-दोन तास मुलांचे वयोगटाप्रमाणे वर्ग, आणि दुपार पूर्ण रिकामी. पोहा, होडी वल्हवा, झोपा, आजोबांबरोबर मासे धरा. रात्री शेकोटीभोवती सगळे पुन्हा एकत्र. आपण त्यांचे वर्ग घेतले, गट घेतले, शेकोटीसुद्धा घेतली. रिकामी दुपार मात्र घेतली नाही, आणि कुटुंबाची वेगळी खोलीही नाही. जागेची अडचण मला समजते. पण दुपारला तर पैसे पडत नाहीत.

आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या एका मुलाची आठवण समितीला करून देते. अमेरिकन मिशनरी रेव्हरंड रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, शहरातले वाइल्डर मेमोरियल चर्च रोज डोळ्यांसमोर असते. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथे, कोल्हापुरात जन्मला. हाच रॉबर्ट १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे प्रसिद्ध सुवार्तिक डी. एल. मूडी यांनी भरवलेल्या विद्यार्थ्यांच्या शिबिराला गेला. जवळपास महिनाभराचे शिबिर, २५१ विद्यार्थी. शेवटी त्यातल्या शंभर जणांनी परदेशात सेवेला जाण्याची तयारी दाखवली, आणि त्यातून जी विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली तिने पुढे हजारो तरुणांना जगभर पाठवले. प्रवचनांमधून हे आपण ऐकतो. कमी सांगितले जाते ते असे की या सगळ्याच्या आधी, प्रिन्स्टनच्या घरात, रॉबर्ट आणि त्याची बहीण ग्रेस मिळून यासाठी प्रार्थना करत असत. हीच ग्रेस पुढे सेवेसाठी भारतात परत आली. इतक्या मोठ्या कामाच्या मागे एका घरातली भावाबहिणीची प्रार्थना होती. आणि शिबिराच्या शेवटाकडे जे घडले ते तिसऱ्या दिवशी घडले नव्हते, हेही लक्षात घ्या. आपल्या शिबिरात भाऊ एका गटात आणि बहीण दुसऱ्या गटात असते. दोघांनी मिळून प्रार्थना करावी अशी एकही जागा आपण ठेवलेली नाही.

आता स्वयंपाकघराबद्दल. हे लिहिताना मन दुखते, पण लिहायलाच हवे.

गेल्या काही वर्षांत खर्च वाचावा म्हणून जेवण महिला मंडळाने करायचे असे ठरले. कोणी सक्ती केली नाही, आमच्या बायकांनीच हौसेने घेतले. पण पहाटे साडेचारला चहाचे आधण ठेवण्यापासून रात्री अकराला पातेली घासून पालथी घालेपर्यंत त्याच दहा-बारा जणी तिथे असतात. पीठ मळायचे, दीडशे माणसांच्या चपात्या लाटायच्या, आमटीला फोडणी, रविवारी मटणाचा बेत म्हणजे आदल्या रात्रीपासून कांदा-खोबरे भाजणे आणि वाटण. एका वर्षी कामाच्या धावपळीतली मार्था आणि येशूच्या पायाशी बसून ऐकणारी तिची बहीण मरीया यांच्यावर फार सुंदर प्रवचन झाले. लूकच्या दहाव्या अध्यायावर. ते चालू असताना पडवीत चपात्या लाटणाऱ्या बायकांना ते लाउडस्पीकरवरून ऐकू येत होते. त्यातली एक, जिला मी आत्या म्हणते, लाटणे न थांबवता मला म्हणाली, “येशूनं मरीयेला पायाशी बसू दिलं गं, पण मग त्या दिवशी जेवण कुणी केलं?” तिचा प्रश्न खरा होता. तिला त्याचे उत्तर हवे होते, आणि आपण त्या वर्षी ते दिले नाही.

उत्तर केटरर हे नाही. केटररला काम दिले की बायका मोकळ्या होतील हे खरे, पण शिबिराची फी इतकी वाढेल की इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम करणारी, शेतमजुरी करणारी घरे येणारच नाहीत. शिवाय एकत्र राबण्यात जे जुळते तेही जाईल. याचे उत्तर आपल्याच देशात केव्हाच दिले गेले आहे. अमेरिकन मिशनरी ई. स्टॅनली जोन्स यांनी १९३० मध्ये कुमाऊँच्या डोंगरात सातताल इथे ख्रिस्ती आश्रम सुरू केला. तिथे हाताने काम करणे हा साधनेचाच भाग होता आणि ते काम सगळ्यांच्या वाट्याला येई. भंगीकाम करणाऱ्या माणसाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी दिली जाई, आणि त्या दिवशी त्याचे काम, संडास साफ करण्यासकट, आश्रमातले लोक करत. त्या काळात हे सोपे नव्हते. बिशप असो की विद्यार्थी, पदव्या बाजूला ठेवून सगळे एकमेकांना भाऊ-बहीण म्हणत. आश्रमाची सुरुवात वक्त्याच्या संदेशाने होत नसे. आलेल्या प्रत्येकाने आपण का आलो, आपल्याला काय हवे आहे, आपली गरज काय आहे, हे मोकळेपणाने सांगायचे, अशी पहिली बैठक असे.

म्हणून माझी सूचना अशी की पाळ्या बायकांच्या नको, घरांच्या लावा. एका वेळच्या जेवणाला पाच घरे. नवरा, बायको, मुले, आजी-आजोबा, सगळे. बापाने पीठ मळावे, मुलाने कांदे सोलावेत, आजीने एका जागी बसून लसूण निवडावा. पाळकसाहेबांचे घरही पाळीत असावे. असे केले तर प्रत्येक घराला आठवड्यात दोन-तीनदाच स्वयंपाकघरात जावे लागेल आणि बाकी सगळ्या सभांना प्रत्येक बाई शांतपणे बसू शकेल. ज्या घरात पुरुषाने कधी परात हातात घेतली नाही, तिथल्या मुलांना आपला बाप पीठ मळताना दिसेल. माझ्या शब्बाथ शाळेतल्या कुठल्याही धड्यापेक्षा ते मुलांच्या जास्त लक्षात राहील.

शिधाही घराघरांतून यावा. आजऱ्याकडच्या मंडळीने तांदूळ आणावा, गुऱ्हाळे असलेल्या भागातून गूळ यावा, कोणी शेंगदाणे, कोणी घरची कांदा-लसूण चटणी. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला दोन पायली ज्वारी देता येते, आणि मग तो फुकट जेवणारा राहत नाही. फीमाफीचा अर्ज भरताना माणूस किती लहान होतो ते मी पाहिले आहे. शिधा देताना कोणीच लहान होत नाही.

सात दिवस रजा मिळत नाही, हा तुमचा सगळ्यात मोठा आणि योग्य आक्षेप. फाउंड्रीत, दुकानात, रिक्षावर असलेल्या माणसाला आठवडाभर सुट्टी म्हणजे आठवड्याची कमाई बुडणे. पण पन्हाळा शहरापासून जेमतेम वीस किलोमीटर आहे. महाबळेश्वरला शिबिर असते तर मी गप्प बसले असते. इथे माणूस दिवसाची पाळी संपवून मोटारसायकलवर वर येऊ शकतो, रात्री घरच्यांबरोबर जेवू शकतो आणि पहाटे उतरू शकतो. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी संध्याकाळी एक गाडी खालून वर आणि सकाळी वरून खाली, एवढी सोय समितीने केली तर पुष्कळ घरांचे बाप शिबिरात दिसतील. आणि म्हणूनच घराने एकत्र बसण्याचा तास सकाळी नको, रात्रीच्या जेवणानंतर ठेवा. त्या तासात लाउडस्पीकर बंद. एक उतारा, एक प्रश्न, आणि प्रत्येक घर आपल्या चटईवर. आज शब्बाथ शाळेत काय झाले ते मुलगी बापाला सांगेल, आजीला पाठ असलेले स्तोत्र नातवंडे ऐकतील. मग भजन, पेटी-तबला-झांज घेऊन, सगळ्यांचे मिळून. वक्त्यांचा संदेश सकाळी एक, पुरेसा आहे.

गडावर आता गर्दी वाढली आहे, हेही मान्य. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळ्याला जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यामुळे मेच्या सुट्टीत जागा मिळणे अवघड जाईल आणि भाडे वाढेल. मग सोमवारपासून रविवारपर्यंत धरा, शेवटचे शनिवार-रविवार एवढेच गर्दीत जातील. पण गड सोडू नका. आपल्या मुलांना अंबरखान्याची धान्याची कोठारे आणि तीन दरवाजा पाहू द्या, मोरोपंत पराडकर इथेच जन्मले हे आजोबांकडून ऐकू द्या, सिद्दी जौहरचा वेढा आणि शिवरायांची १६६० च्या पावसाळ्यातली सुटका ही गोष्ट त्याच जागी उभे राहून ऐकू द्या. आपण या मातीतले आहोत. शिबिराच्या आठवड्यात मुलांना शास्त्र आणि ही माती दोन्ही एकत्र भेटतात, आणि मंगल कार्यालयाच्या एसी हॉलमध्ये ते होणार नाही. दुपारी वळीव कोसळला की सगळी शाळा ओसरीत येऊन गारा वेचते, तेही नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर समितीत कधी चर्चा झाल्याचे ऐकिवात नाही. आपल्या फॉर्मवर पती, पत्नी आणि मुले एवढेच रकाने आहेत. मंडळीत विधवा आहेत, एकटे राहणारे निवृत्त शिक्षक आहेत, आईवडील गेलेली भावंडे आहेत, लग्न न केलेल्या परिचारिका आहेत. अशी माणसे फॉर्म बघतात आणि घडी घालून ठेवून देतात. अनुवाद १६:१४ मध्ये मंडपांच्या सणात कोणी कोणी आनंद करायचा त्यांची नावे आहेत: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा. सगळे एकाच ओळीत. म्हणून एकट्या आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एखाद्या घराशी जोडून द्या. त्याच चटईवर, त्याच पाळीत, त्याच पंगतीत. त्यांची सोय म्हणून नव्हे. त्या घरालाही त्यांची गरज असते, विशेषतः ज्या घरातली आजी गेली आहे त्या घराला.

आणि जिथे घरातले एकच माणूस मंडळीत येते, तिथे नवऱ्याला किंवा सासूबाईंना पाहुणे म्हणून बोलवा, जेवायला बसवा, त्यांच्याशी शेतीचे, पावसाचे, मुलांच्या शाळेचे बोला. त्यांच्यावर संदेशाचा मारा नको, उभे राहून साक्ष द्यायचा आग्रह नको. ते आपल्या माणसाला सोडायला गडावर येतात आणि फाटकातूनच परत जातात. त्यांना आत येऊन एक कप चहा घेता यावा, एवढे तरी आपल्या हातात आहे.

येत्या बैठकीत एवढे ठरवावे अशी विनंती आहे: सात दिवस, पन्हाळा, दुपारी तीन तास कोणताही कार्यक्रम नाही, रात्री घरांचा एक तास, घरांच्या पाळ्या, शिधा आणि संध्याकाळची गाडी. कारखान्यांत आणि दवाखान्यांत काम करणाऱ्यांना मेमधल्या रजेचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच द्यावे लागतात, तेव्हा तारखा मार्चअखेर मंडळ्यांमध्ये जाहीर झाल्या तर फार बरे होईल. पाळ्यांचा तक्ता करायला मी तयार आहे, आणि पहिल्या दिवशीच्या सकाळच्या चहा-नाश्त्याला आमचे घर धरावे. माझ्या मिस्टरांना विचारूनच लिहिते आहे, पोहे ते करणार आहेत.

आपली,
शब्बाथ शाळेतली एक शिक्षिका
कोल्हापूर